उशिराचा हिशेब

पूर्वी ऑफिसात उशिरा आलेल्या माणसाला निदान दोन वाक्यं बोलायला मिळायची. ठरल्या वेळी शिपाई मस्टर उचलून साहेबांच्या केबिनमध्ये नेऊन ठेवी. सहीसाठी आत जावं लागे आणि आत गेलं की कारण सांगावं लागे. कारणं ठरलेलीच असत: कल्याणला सिग्नल गेला, मुलाला ताप आला, नळाला पाणी उशिरा आलं. साहेब कधी मान हलवीत, कधी चष्म्यावरून नुसतेच बघत, आणि लाल शाईचा शेरा मारायचा की नाही ते तिथल्या तिथे ठरून जाई. त्यात वशिला चाले, हे नाकारण्यात अर्थ नाही. साहेबांच्या गावचा माणूस अकराला आला तरी त्याची गाडी नेहमी खरोखरच बंद पडलेली असे. आता दाराशी यंत्र आहे. तिथे थंब मारायचा किंवा चेहरा दाखवायचा. यंत्र कुणाच्याच गावचं नाही, ही त्याची जमेची बाजू. पण कारण ऐकून घेणारं त्या दारात कुणी उरलं नाही.

यंत्राबरोबर एक नियमही बहुतेक ठिकाणी आला. दहा मिनिटांची सवलत, त्यानंतर लेट मार्क, आणि महिन्यात तीन लेट मार्क झाले की अर्ध्या दिवसाचा पगार कट. हे आपण ऋतुमानासारखं स्वीकारलेलं आहे. जरा हिशेब करून बघावा. तीन वेळा पंधरा-पंधरा मिनिटं उशीर झाला तर पाऊण तास बुडाला. कापले गेले चार तास. मधले सव्वातीन तास कुठल्या खात्यात जमा झाले?

गंमत अशी की कायद्याने हा प्रश्न 1936 सालीच विचारला होता. त्या वर्षीच्या वेतन प्रदान कायद्याने सांगितलं की गैरहजेरीसाठी कपात करायची तर जितका वेळ माणूस कामावर नव्हता तितक्याच वेळाची करा. पाऊण तास तर पाऊण तास. त्याहून जास्त कापणं म्हणजे दंड, आणि दंडाचं खातं वेगळं. कशाकशाला दंड होणार त्याची यादी आधी मंजूर करून घ्यायची आणि सगळ्यांना दिसेल अशी लावायची. दंड करण्यापूर्वी माणसाला त्याचं म्हणणं मांडू द्यायचं. महिन्याच्या वेतनाच्या तीन टक्क्यांवर जायचं नाही. सगळं नोंदवहीत लिहायचं, आणि जमलेली रक्कम कामगारांच्याच भल्यासाठी वापरायची. ती नोंदवही एकदा तरी डोळ्यांनी पाहावी अशी माझी फार इच्छा आहे. या कायद्याला पगाराची मर्यादा होती, त्यामुळे बरेच पांढरपेशे त्याच्या बाहेर राहत. 2019 च्या वेतन संहितेत, जी नोव्हेंबर 2025 मध्ये लागू झाली, हीच तत्त्वं कायम आहेत आणि ती मर्यादा गेली आहे.

कायदा मऊ आहे असं मात्र कुणी समजू नये. सवयीने उशिरा येणं हे आदर्श स्थायी आदेशांत सरळ गैरवर्तन म्हणून लिहिलेलं आहे, आणि रीतसर चौकशी होऊन त्यापायी नोकरीवर गदा येऊ शकते. पण चौकशी होऊन. म्हणजे पुन्हा तेच, आधी ऐकून घ्या.

जितका वेळ तितकीच कपात, ही तरतूद कुणाच्या दयाबुद्धीतून आलेली नाही. मुंबईच्या गिरण्यांत ‘डबल खाडा’ नावाची चाल होती: एक दिवस आला नाहीस तर दोन दिवसांची मजुरी गेली. गेटवर बदलीवाले उभेच असत, कामगार नेमणाऱ्या जॉबरची मर्जी फिरली की साचा दुसऱ्याच्या हाती जाई. घड्याळही मालकाचंच. 1906 च्या जानेवारीत नवी प्रमाणवेळ आली आणि मुंबईच्या वेळेपेक्षा ती 39 मिनिटं पुढे होती. जेकब ससून मिलमधल्या कामगारांनी या बदलाविरुद्ध काम बंद ठेवलं. शहाण्यासुरत्यांनी त्यांना अडाणी ठरवलं असेल. मला ते फार नेमके वाटतात. काटा पुढे सरकवला की कालपर्यंत वेळेवर येणारा माणूस आज उशिरा आलेला ठरतो, आणि काटा कुणी सरकवायचा हे त्याला कुणी विचारत नाही.

तरीही कामाला वेळ बांधलेली असावी ही मागणी मालकांआधी कामगारांनीच केली होती, हे विसरून चालत नाही. 1884 मध्ये कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभेत ज्या मागण्या मांडल्या त्यांत रविवारची सुटी होती, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती होती, आणि काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावं हेही होतं. रविवार मिळायला 1890 उजाडलं. वेळ ठरलेली असणं हे कामगाराचं संरक्षण होतं. ती फक्त येण्याची नव्हती, जाण्याचीही होती.

म्हणून उशिरा येणाऱ्यांची सरसकट बाजू मला घेता येत नाही. रुग्णालयात रात्रपाळीची नर्स सकाळची सिस्टर येईपर्यंत वॉर्ड सोडू शकत नाही. आठची सिस्टर पावणेनऊला आली तर त्या पाऊण तासाची भरपाई व्यवस्थापन करत नाही, रात्रभर जागलेली बाई करते. अशा ठिकाणी कडक नियम हवाच. मला राग येतो तो जिथे कुणी कुणाची वाट बघत नाही, ईमेल दहाला उघडली काय आणि सव्वादहाला काय, तिथल्या कडकपणाचा.

आणि अंतराचं काय? गिरणगावातला माणूस भोंगा कानी पडेल इतक्या जवळच्या चाळीत राहायचा, चालत जायचा. त्याच परळ-लोअर परळच्या गिरण्यांच्या जमिनींवर आज काचेचे टॉवर आहेत, आणि तिथे थंब मारणारी मुलं-मुली विरारहून, बदलापूरहून येतात. सकाळची एक फास्ट सुटली की हिशेब कोलमडतो. पावसाळ्यात कुर्ला-सायनला रुळांवर पाणी आलं की सगळाच. घर इतकं लांब गेलं यात त्या पोरांचा दोष काय, पण मिनिटं त्यांच्याच खात्यातून वजा होतात.

ओळखीतल्या एकीने मध्यंतरी एचआरकडे विचारणा केली. भांडण नव्हतं, साधी ईमेल. महिन्यात तीन लेट मार्क लागलेत ते मान्य, म्हणाली, पण त्याच यंत्रावर माझी बाहेर पडण्याची वेळही नोंदली जाते, सुटायच्या वेळेनंतर मी रोज किती थांबले त्याचीही यादी द्या. दोन दिवसांनी अगदी नम्र उत्तर आलं. आउट-पंचचा रिपोर्ट सध्याच्या सिस्टीममधून काढण्याची सोय नाही.

तिने पुढची ईमेल लिहायला घेतली आहे. त्यात वेतन संहितेचा उल्लेख कुठल्या परिच्छेदात करावा, यावर आमची चर्चा चालू आहे.