मॅडमची ड्युटी

इंग्रजी बोलायला शिकवणाऱ्या माणसाने दिवसात किती तास शिकवावं, याबद्दलचं माझं मत गेल्या काही वर्षांत पुरतं पालटलं आहे. पूर्वी मी शिकवण्याला व्रत म्हणायचो आणि जो शिक्षक तास मोजतो त्याला शिकवण्याची ओढ नाही, असं मानायचो. आज माझं म्हणणं असं आहे की भाषा शिकवणाऱ्याला फळ्यासमोर दिवसाचे चार तास पुरेत. पाचवा तास मागू नये, आणि शिक्षकानेही तो देऊ नये. राजुऱ्यात इंग्रजीचा खासगी वर्ग चालवणारा माणूस म्हणून मी हे लिहितो आहे. या मतबदलाचे पैसे माझ्याच गल्ल्यातून जातात, तेव्हा हे वरवरचं बोलणं नाही एवढं वाचकांनी धरून चालावं.

ज्यांनी राजुरा पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. बल्लारपूर सोडून वर्धा नदीचा पूल ओलांडला की आमचा तालुका लागतो. हा मुलूख निजामाच्या राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यात होता. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत तो मराठी भागाला जोडला गेला आणि 1959 मध्ये चांदा, म्हणजे आताच्या चंद्रपूर, जिल्ह्यात आला. एका अंगाला सास्तीच्या कोळसा खाणी, दुसऱ्या अंगाला गडचांदूरकडचे सिमेंट कारखाने, वर माणिकगड पहाड आणि मध्ये कापूस-सोयाबीनची शेतं. माझ्या वर्गातल्या एका बाकावर घरी तेलुगू बोलणारी मुलगी असते, शेजारी जिवतीकडून आलेला गोंडी किंवा कोलामी बोलणारा मुलगा असतो, मराठवाड्यातून दुष्काळात पहाडावर येऊन वसलेल्या घरातली नात असते आणि खाणीत नोकरीला आलेल्या हिंदी भाषक कामगाराचा पोर असतो. शाळेतली मराठी ही त्यातल्या निम्म्यांची दुसरी भाषा, टीव्हीवरची हिंदी तिसरी. इंग्रजीचा नंबर त्यानंतर.

2000 साली राज्याने पहिलीपासून इंग्रजी आणली आणि पाच-सात वर्षांत आमच्यासारख्या गावांमध्ये इंग्रजी संभाषणाच्या वर्गांचे फलक लागले. शिक्षक मात्र गावात मिळत नाहीत. ज्याला बरं इंग्रजी येतं तो नागपूर, पुणे, हैदराबाद गाठतो. मग केरळहून, तेलंगणातून, कधी आंध्रातून शिक्षक आणायचे, त्यांना एखादी खोली द्यायची, मुलांना सांगायचं की या मॅडमशी मराठीत बोलायचं नाही. बाहेरच्या शिक्षकाला मराठी येत नाही, ही आम्ही आमच्या जाहिरातीतली जमेची बाजू करून ठेवली होती. त्या शिक्षिकेला बाजारात भाजी घेताना, दवाखान्यात दुखणं सांगताना काय होत असेल याचा विचार त्या जाहिरातीत नव्हता.

अशा शिक्षिकेचा दिवस आमच्या भागात साधारण असा असतो. सकाळी 7 ला शाळेआधीची पहिली बॅच, मग दुसरी. दुपारी नुकत्याच लग्न होऊन आलेल्या सुना आणि स्पर्धा परीक्षेवाली मुलं. संध्याकाळपासून रात्री 8 पर्यंत शाळा सुटलेली मुलं. सहा बॅच, आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे 36 तास शिकवणं. रविवारी नव्या पालकांसमोर नमुना वर्ग. मधली दुपार रिकामी दिसते, पण त्या दोन तासांत जेवण होतं आणि वह्या उघडल्या जातात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांत सहायक प्राध्यापकाला आठवड्याला प्रत्यक्ष शिकवण्याचे 16 तास आहेत. एकूण काम 40 तासांचं, पण वर्गातले तास 16 च. मी कनिष्ठ महाविद्यालयातून निवृत्त झालो, तिथेही तासांना वेळापत्रक होतं. खासगी वर्गात आल्यावर मात्र 36 तास मला गैर वाटले नव्हते, कारण भोवतालचे सगळे वर्ग तसेच चालत होते.

या मताला पहिला धक्का दिला तो सास्तीच्या खाणीतल्या एका पालकाने. मुलीची फी भरायला आले होते, संध्याकाळची शेवटची बॅच चालू होती. त्यांनी सहज विचारलं, “सर, सकाळी पोरगीला सोडायला आलो तेव्हाही याच मॅडम होत्या. मॅडमची ड्युटी किती तासांची?” मी सांगितलं, सहा तास शिकवतात. ते म्हणाले, “आमची आठ तासांची पाळी असते, पण हाजिरी लागल्यापासून सुटेपर्यंतची. पाळी संपल्यावर थांबवलं तर ओव्हरटाइम मिळतो. मॅडम सकाळी सातला आल्या, आता आठ वाजले.” त्यांचा सूर तक्रारीचा नव्हता. खाणीत माणसं तास असेच मोजतात: हजेरी लागल्यापासूनचा सगळा वेळ, नुसता फावड्याचा नव्हे. मी त्यांना काही उत्तर दिलं, पण ते मला स्वतःलाच पटलं नाही.

तरीही तेवढ्याने माझं मत पालटलं नसतं. ते पालटलं वर्गात मागच्या बाकावर बसून ऐकल्यामुळे. मी एकच पाठ, एकाच शिक्षिकेचा, सकाळच्या पहिल्या बॅचला आणि रात्रीच्या शेवटच्या बॅचला ऐकला, आणि हे पुढे अनेकदा केलं. पाठ साधा होता: काल काय केलंस ते सांग. सकाळी मॅडम प्रश्न विचारून थांबत. मुलगा वर छताकडे बघायचा, ओठ हलवायचा, मनात तेलुगूतून मराठीत आणि मराठीतून इंग्रजीत येत राहायचा, आणि मग तुटकं का होईना, एक वाक्य त्याच्या तोंडून यायचं. मॅडम ते वाक्य उचलून पुढचा प्रश्न करत. रात्रीच्या बॅचला तोच प्रश्न, तेवढाच हुशार मुलगा, पण मॅडम थांबत नसत. प्रश्न त्यांनीच विचारला, उत्तर त्यांनीच दिलं आणि सगळ्या वर्गाने ते एका सुरात म्हटलं. बाहेरून ऐकणाऱ्याला रात्रीचा वर्ग जास्त जोमदार वाटला असता. प्रत्यक्षात त्या तासात मुलं स्वतःचं असं काहीच बोलली नव्हती.

अमेरिकेतल्या मेरी बड रो यांनी 1970 च्या दशकात वर्गातल्या या थांबण्याचाच अभ्यास केला होता. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि ही वेळ तीन सेकंदांवर नेली की मुलांची उत्तरं लांबतात, गप्प बसणारी मुलं बोलू लागतात, असं त्यांना दिसलं. आमच्या मुलांना तर तीन सेकंदही कमी पडतात, कारण त्यांना दोन भाषा ओलांडून यायचं असतं. पण थांबायला अंगात बळ लागतं. वर्गातली शांतता सहन करायची, पंचवीस डोळ्यांच्या जोड्या आपल्याकडे बघत असताना एका पोराकडे लक्ष धरून ठेवायचं, दुसऱ्याला मध्ये बोलू द्यायचं नाही, हे थकलेल्या माणसाला जमत नाही. थकलेला शिक्षक बोलत सुटतो. रात्रीच्या बॅचची फी आम्ही सकाळच्या बॅचएवढीच घेत होतो.

आवाजाचं वेगळं सांगायला हवं. आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा 45 च्या पुढे जातो आणि सुट्टीतले वर्ग नेमके तेव्हाच भरतात. खोलीत कूलर लागतो. कूलरच्या घरघरीवरून शेवटच्या बाकापर्यंत इंग्रजीचे उच्चार नीट पोहोचवायचे म्हणजे तासभर ओरडणंच. आमच्या एका शिक्षिकेचा आवाज असाच एका उन्हाळ्यात बसला. चंद्रपूरच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी औषधापेक्षा मौन जास्त सांगितलं. ज्याची भाकरी बोलण्यावर, त्याला मौन सांगितलं तर तो काय करणार? पुढे मी वाचलं की नेल्सन रॉय आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या आयोवा आणि युटा या राज्यांमधल्या 1,243 शिक्षक आणि 1,288 इतर लोकांची पाहणी 2004 मध्ये प्रसिद्ध केली होती. आयुष्यात कधी ना कधी आवाजाचा विकार झालेले शिक्षक 57.7 टक्के होते, इतर लोक 28.8 टक्के. पोलंडमध्ये तर शिक्षकांच्या आवाजाचा विकार व्यवसायजन्य आजारांच्या यादीत आहे. आमच्याकडे त्यावर खडीसाखर आणि ज्येष्ठमध.

वह्यांचा हिशेब सोपा आहे, म्हणून तो कोणी करत नाही. एका बॅचला 25 मुलं, सहा बॅचची 150. प्रत्येक वहीला दोन मिनिटं दिली तरी 300 मिनिटं होतात, म्हणजे पाच तास. सहा तास शिकवून हे पाच तास कुठून आणायचे? ते येत नाहीत. वहीवर नुसती बरोबरची खूण होते आणि मूल तीच चूक वर्षभर लिहीत राहतं.

माझी एक माजी विद्यार्थिनी परदेशात इंग्रजी शिकवायला जायच्या विचारात होती. तिने दक्षिण कोरियातल्या नोकऱ्यांच्या अटी माझ्यापुढे ठेवल्या. तिथे हागवॉन म्हणतात अशा खासगी शिकवण्यांचं मोठं जाळं आहे. मुलांना रात्री उशिरापर्यंत बसवू नये म्हणून सोल शहरात रात्री 10 ची मर्यादा घालावी लागली आणि 2009 मध्ये तिथल्या संविधान न्यायालयाने ती उचलून धरली. परदेशी शिक्षकांचा व्हिसा प्रामुख्याने अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांसाठी, त्यामुळे तिचा बेत तिथेच थांबला. मी मात्र ते कागद वाचत राहिलो. हागवॉनच्या करारात सहसा आठवड्याचे 30 शिकवण्याचे तास असतात, सरकारी शाळांच्या योजनेत 22. आणि 30 म्हणजे घड्याळाचे तास की 50 मिनिटांच्या तासिका, मधला रिकामा वेळ कोणाचा, यावरून तिथेही वाद होतात. शिक्षकाचं घर मालक देतो आणि व्हिसा त्याच नोकरीला बांधलेला असतो. जपानात नोव्हा ही इंग्रजी शिकवणाऱ्या शाळांची मोठी साखळी 2007 मध्ये कोसळली तेव्हा हजारो परदेशी शिक्षकांचे पगार अडकले, आणि कंपनीने घेऊन दिलेल्या घरांतून काहींना बाहेर पडावं लागलं.

ते वाचताना मला आमच्या मॅडमची खोली आठवत होती. खोली आमची, गॅस आमच्या नावावर, आणि गावात ओळख फक्त आमची. अशा माणसाला मी सातवी बॅच घ्याल का असं विचारलं तर ते विचारणं राहत नाही. गावातला शिक्षक नाही म्हणू शकतो, कारण तो संध्याकाळी स्वतःच्या घरी जातो. बाहेरून आलेल्याच्या होकाराची किंमत आम्ही मालक लोक जरा जास्तच धरतो.

कायदा इथे फारसा मदतीला येत नाही. गोव्यातल्या करंझाळे येथील एका शाळेतल्या शिक्षिकेच्या, ए. सुंदरांबळ यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1988 मध्ये निकाल दिला की शिक्षक तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्यातल्या कामगाराच्या व्याख्येत बसत नाही. अध्यापन हे ध्येयाचं, उदात्त काम आहे, अशी त्यामागची भूमिका होती. मीही इतकी वर्षं तेच म्हणत आलो होतो. पण उदात्त कामाला तासांची मर्यादा नको, असा अर्थ त्यातून काढायचं कारण नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते आठवीच्या शिक्षकासाठी आठवड्याचे किमान 45 तास धरले आहेत, पण त्यात तयारीचे तास मोजले आहेत, हे महत्त्वाचं. केंद्र सरकारने जानेवारी 2024 मध्ये कोचिंग क्लाससाठी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त वर्ग नकोत आणि विद्यार्थ्यांइतकीच शिकवणाऱ्यांनाही साप्ताहिक सुट्टी हवी, असं म्हटलं आहे. तालुक्याच्या गावात या सूचना घेऊन कोणी तपासायला येत नाही.

आम्ही आता एका शिक्षकाला चार बॅच देतो. मुलं रोज न येता एक दिवसाआड येतात. वह्यांचे दोन तास पगारात धरलेले आहेत आणि ते दुपारच्या जेवणातून कापलेले नसतात. पगार कमी केला नाही. खोली द्यायची बंद करून भाड्याचे पैसे हातात देतो, म्हणजे राहण्याची जागा शिक्षक स्वतः निवडतो. दुसरी शिक्षिका घ्यावी लागली, फी वाढवावी लागली. कापसाला भाव नसलेल्या वर्षी फी वाढवणं किती अवघड असतं हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको. काही पालकांनी मुलं काढून रोज शिकवणाऱ्या वर्गात घातली. “सर, तुम्हाला निवृत्तिवेतन आहे, तुम्हाला परवडतं,” असं या धंद्यातले माझे तरुण मित्र म्हणतात. ते खरं आहे. ज्याचं घर याच वर्गावर चालतं त्याने एकट्याने हे करावं, असं मी म्हणणार नाही. तालुक्यातल्या सगळ्या वर्गांनी मिळून तासांची मर्यादा ठरवली तर कोणालाच एकट्याला तोटा सोसावा लागणार नाही. फी किती घ्यायची हे आपण आपसात बोलतोच, मग तास किती घ्यायचे हेही बोलता येईल.

पालकांना माझी एक विनंती आहे. मुलाला इंग्रजीच्या वर्गात घालायला जाल तेव्हा फी आणि वेळ विचारता, तसं आणखी तीन गोष्टी विचारा. शिकवणाऱ्या मॅडम किंवा सर दिवसात किती तास शिकवतात, तुमच्या मुलाची बॅच त्यांची कितवी आहे, आणि वह्या कोण तपासतं. ही उत्तरं मिळाल्यावरच पैसे भरा.