गोळी वर्षाची, पॉलिसी साठ दिवसांची

बाबांची अँजिओप्लास्टी तासाभरात आटोपली. डिस्चार्जचा हिशेब समजून घ्यायला मला अख्खी दुपार लागली. पॉलिसी साठीनंतर काढलेली, म्हणून तिला 20 टक्के को-पे. मान्य झालेलं बिल 2,20,000 चं, त्यातले 44,000 आमचे. हातमोजे, मास्क वगैरेंचे नऊ हजार त्याखेरीज. ते कंपनी हिशेबातच धरत नाही. विम्याचे दावे हाताळणाऱ्या टीपीएच्या काउंटरवरचा मुलगा मात्र भला होता. म्हणाला, “अंकल, घर की दवाई के बिल संभालकर रखना, साठ दिन तक मिलेगा.”

हे मला नवीन होतं. बहुतेक पॉलिसींमध्ये दाखल होण्याआधीचे 30 आणि घरी आल्यानंतरचे 60 दिवस त्याच आजाराची औषधं आणि तपासण्या धरतात. मात्र डॉक्टरांची चिठ्ठी हवी आणि दुकानदाराचं पक्कं बिलही. भोपाळच्या बिट्टन मार्केटमधला आमचा केमिस्ट वर्षानुवर्षं पाकिटाच्या पाठीवर आकडे लिहून देणारा. त्याला बाबांच्या आणि डॉक्टरांच्या नावासकट छापील बिल मागितलं, तेव्हा त्याने माझ्याकडे आयकरवाल्याकडे बघावं तसं पाहिलं.

साठ दिवसांत औषधांना सहा हजार लागले. आले 4,800, कारण को-पे इथेही लागतो. न्यू जर्सीतली बहीण फोनवर विचारत होती, “एका गोळीमागे किती भरावे लागतात?” तिकडे दुकानातच कार्ड दाखवून ठरलेले डॉलर दिले की झालं. आपल्याकडे केमिस्टच्या गल्ल्यावर विमा कंपनी सहसा नसतेच. आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या ज्या दोन गोळ्या स्टेंटनंतर साधारण वर्षभर चुकवायच्या नसतात, त्यातले दहा महिने पूर्णपणे आपल्या खिशातले. ज्याने हे साठ दिवस ठरवले त्याला हृदयरोग कधी झाला नसावा.

ओपीडीचं जादा कवच मिळतं, पण वाढीव हप्ता आणि औषधांची मर्यादा समोरासमोर मांडली तेव्हा मी नाद सोडला. सत्तरी ओलांडलेल्यांना 2024 च्या ऑक्टोबरपासून आयुष्मान कार्ड मिळतं, खासगी पॉलिसी असली तरी, बाबांचंही काढलं. पण त्यातही घरी आल्यावरची औषधं पंधराच दिवस.

भोपाळात हा प्रश्न सगळ्यांना सारखा नाही. आमच्या वरच्या मजल्यावरचे काका केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेले. ते सीजीएचएसच्या केंद्रातून दर महिन्याला पिशवी भरून आणतात. पोळ्या करायला येणाऱ्या ताई जयप्रकाश नगरच्या, 1984 च्या वायुकांडातल्या. त्यांना भोपाळ मेमोरियल रुग्णालयात कार्डावर औषधं फुकट मिळतात. ते कार्ड मिळायला त्यांना काय मोजावं लागलं हे ठाऊक असल्याने त्याचा हेवा करायची कुणाची छाती नाही. रक्तदाबाची गोळी तिघांचीही एकच आहे. हप्ता भरणारे मात्र आमचे बाबा, आणि औषधाला रोख मोजणारेही तेच.

सध्या आम्ही जनऔषधी केंद्रातून घेतो. खर्च निम्म्याहून खाली आला. बाबांना इतकी स्वस्त गोळी खरी वाटेना. शेवटी डॉक्टरांनी पाकीट हातात घेऊन औषधाचं नाव मोठ्याने वाचून दाखवलं, तेव्हा कुठे घेऊ लागले. बिलं मात्र अजून जपून ठेवतात, साठ दिवस उलटून गेले तरी.