के ५१ नव्हे, ३१

परवा एका अनोळखी मुलीचा मेल आला. पुण्यातल्या माझ्या जुन्या प्रयोगशाळेत ती आता पीएचडी करतेय. "ताई, तुमची रीडमी वाचून सगळं चालवता आलं, थँक्यू! फक्त चौथी ओळ कळली नाही. 'के ५१ नव्हे, ३१!! माझी चूक, खाली वाच.' खाली काहीच नाहीये."

खाली काही नाही कारण मी ते कधी लिहिलंच नाही. २०११ साली लिहिणार होते.

आत्या आणि काका हे वाचतात, म्हणून थोडं मागे जाते. जिवाणूचा डीएनए तेव्हा सलग वाचता यायचा नाही. यंत्रातून शंभरेक अक्षरांचे लाखो तुकडे हातात पडायचे. समजा, भेळवाल्याने एकाच पेपरच्या शेकडो प्रती फाडून पुड्या बांधल्यात आणि आपल्याला त्या सगळ्या पुड्या गोळा करून मूळ अंक जुळवायचाय. एका कागदाची शेपटी दुसऱ्याच्या तोंडाशी जुळते का, ते बघत जायचं. किती अक्षरं जुळली की 'जुळलं' म्हणायचं, साधारण तो आकडा म्हणजे 'के'. के लहान ठेवला तर 'निविदा मागविण्यात येत आहेत' अशा पानोपानी येणाऱ्या ओळीवर भलतेच कागद एकमेकांना चिकटतात. मोठा ठेवला तर जुळणारे कागदच पुरत नाहीत. म्हणून दोनतीन के घेऊन बघायचे.

आमचं सॉफ्टवेअर होतं 'वेल्व्हेट', २००८ सालचं. ते सगळा पसारा मेमरीत मांडून बसायचं. टेबलावरच्या संगणकाला ते झेपेना, म्हणून संस्थेचा सामाईक क्लस्टर. सामाईक म्हणजे अगदी वाड्यातल्या नळासारखा! नंबर लावायचा. किती मेमरी, किती तास ते आधी सांगायचं. जास्त मागितलं तर नंबर उशिरा लागतो, कमी मागितलं तर काम अर्ध्यावर मारलं जातं. दारातल्या लॉगिन मशीनवर मोठं काही चालवायचं नसतं (ते मी पहिल्याच आठवड्यात चालवलं आणि सगळ्या संस्थेसमोर बोलणी खाल्ली). आणि तात्पुरत्या डिस्कवरच्या फायलींना महिनाभर हात लावला नाही की त्या आपोआप उडायच्या.

तर मी के ३१, ४१ आणि ५१ असं तीनदा चालवलं. तिन्हींचे आकडे शेवटच्या अंकापर्यंत सारखे! मला कोण आनंद झाला. मीटिंगमध्ये ठासून सांगितलं, "के बदलला तरी निकाल बदलत नाही." सरांनी ते वाक्य पेपरच्या मसुद्यात घातलं.

पुढे एक ज्युनियर येणार होता, त्याच्यासाठी सॉफ्टवेअर कसं बसवायचं ते लिहायला घेतलं. मॅन्युअलमधून कंपाइल करायची ओळ उतरवत होते. तिथे लिहिलेलं की बसवतानाच वेगळं सांगितलं नाही, तर वेल्व्हेट ३१ पेक्षा मोठा के घेतच नाही.

पोटात गोळा आला. तेव्हाचं आउटपुट शोधायला गेले तर डिस्क स्वच्छ! पुन्हा नंबर लावला, दुसऱ्या दिवशी सकाळी फाइल उघडली. अगदी सुरुवातीलाच अदबीने लिहिलेलं होतं की ५१ झेपत नाही, आम्ही ३१ धरतो. म्हणजे मी एकच गोष्ट तीनदा चालवली होती आणि तिन्ही वेळा न वाचता पुढे गेले होते.

सरांच्या केबिनबाहेर बराच वेळ उभी होते. मसुदा सहलेखकांकडे गेलेला होता. गप्प बसले असते तर कुणाला कळलं असतं? कदाचित कधीच नाही. शेवटी आत जाऊन सांगितलं. सर काही क्षण खिडकीबाहेर बघत राहिले, मग म्हणाले, "नीट कंपाइल करून परत चालव." चालवलं. तुकड्यांची संख्या बदलली आणि एका जागी आधी जोडलेले दिसणारे दोन तुकडे सुटे झाले. ते वाक्य गेलं, दोन परिच्छेद नव्याने लिहावे लागले.

सरांनी नंतर एकदाच विचारलं, "रीडमीत लिहिलंस ना हे?" मी "हो" म्हटलं. चौथी ओळ लिहिलेली होती, त्यामुळे ते अगदी खोटं नव्हतं. पण आपला मूर्खपणा सविस्तर लिहून ज्युनियरच्या हाती द्यायचा... हात धजला नाही. 'खाली' रिकामंच राहिलं.

आता वेल्व्हेट फारसं कुणी वापरत नाही. २०१२ साली आलेलं स्पेड्स एका वेळी अनेक के घेऊन चालतं, आणि हल्लीच्या यंत्रांतून तर हजारो अक्षरांचे सलग तुकडे मिळतात. ह्या मुलीला आमचा जुना निकाल पुन्हा काढून नव्याशी ताडून बघायचाय. 'के५१' नावाच्या फोल्डरमध्ये के ३१ चा निकाल का आहे, हे तिला कोण सांगणार?

काल रात्री बसून सगळं लिहिलं. तीनदा चालवलं ते, मीटिंगमधलं वाक्य, सरांची केबिन. तिला पाठवलं आणि म्हटलं, रीडमीच्या खाली जसंच्या तसं चिकटव, माझ्या नावासकट.

पाच मिनिटांत उत्तर आलं. "चिकटवलं ताई! ५१ ला मेमरी किती मागितली होतीत?"

तेही लिहिलेलं नाही.