फ्रीजमधलं रक्त

एमडीचा माझा प्रबंध लाल रक्तपेशींवर होता. १९८० साली बोस्टनमध्ये मिट्झी कॅनेसा आणि सहकाऱ्यांनी दाखवलं होतं, की उच्च रक्तदाबाच्या रुग्णांच्या लाल पेशी आतलं लिथियम टाकून बाहेरचं सोडियम घेण्याचा व्यवहार इतरांपेक्षा जास्त वेगाने करतात. त्यांच्या जवळच्या नातलगांच्या पेशीही तशाच. आनुवंशिक बीपी आता एका नळीत सापडणार, असं आम्हा विद्यार्थ्यांना वाटलं. पुढे कळलं, की लठ्ठपणाने आणि ट्रायग्लिसराइडनेही हा वेग वाढतो, आणि बीपी असलेल्या-नसलेल्यांचे आकडे एकमेकांत मिसळतात. ती तपासणी दवाखान्यापर्यंत कधी पोचलीच नाही. मी मात्र पोचलो, लोधिवलीला. घराण्यात बीपी दिसलं की माझे कान टवकारायचे, ही खोड तेवढी सोबत आली.

पाताळगंगेच्या एमआयडीसीत पाळीने काम करणारा एक जण आला. वय पस्तिशीचं, बीपी १८०/११०. वडील पॅरालिसिसने गेलेले, दोघा काकांना बीपी. मी केसपेपरवर ‘आनुवंशिक’ लिहून खाली रेघ मारली. ती रेघ मारायला नको होती.

‘‘रात्रपाळी करून आलो की पोटऱ्यांत गोळे येतात डॉक्टर, जिना चढवत नाही,’’ तो म्हणाला. पोटॅशियम कमी असेल ही शंका मला आली होती, हे माझ्या बाजूने नोंदवतो. रक्त संध्याकाळी काढलं. लॅबचा मुलगा नळ्या सकाळी मोटरसायकलवरून पनवेलला नेई. पेशींपासून सिरम वेगळं करणारा सेंट्रिफ्यूज माझ्याकडे नव्हता, म्हणून नळी तशीच फ्रीजमध्ये ठेवली. रिपोर्ट आला: पोटॅशियम ४.४. अगदी नॉर्मल. मी गोळ्यांचं खापर रात्रपाळीवर फोडलं आणि बीपीसाठी लघवीची गोळी सुरू केली. त्या गोळीने पोटॅशियम आणखी उतरतं.

लाल पेशीच्या आत पोटॅशियम बाहेरच्या वीसपटीहून जास्त असतं. पेशीच्या भिंतीतला पंप दर फेरीला सोडियमचे तीन आयन बाहेर काढतो आणि पोटॅशियमचे दोन आत घेतो, म्हणून ते आत टिकतं. थंडीत पंप मंदावतो, पोटॅशियम झिरपत राहतं आणि भोवतीच्या द्रवात उतरतं. पेशी फुटलेल्या नसतात, त्यामुळे सिरम लाल दिसत नाही आणि लॅबलाही संशय येत नाही. रुग्णाचं खरं पोटॅशियम कमी असलं, तरी कागदावर ते नॉर्मल होऊन येतं.

हे मला ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नाही. प्रबंधाच्या काळात आयनांची ये-जा थांबवायची वेळ आली, की आम्ही नळ्या बर्फातच खुपसायचो. परीक्षकांनी बर्फ का, असं विचारलं, तेव्हा मी न अडखळता उत्तर दिलं होतं. दवाखान्यातला फ्रीज म्हणजे तोच बर्फ, हे मात्र सुचलं नाही. पुढे पुन्हा तपासलं. पुन्हा संध्याकाळचं रक्त, तोच फ्रीज, जवळपास तोच आकडा. चूक नेमाने होत राहिली की तिच्यावर भरवसा बसतो.

बीपीच्या गोळ्या चारवर गेल्या. मग एका पहाटे त्याचा उजवा हात लुळा पडला. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात रक्त काढल्या काढल्या तपासलं. पोटॅशियम २.६. अॅड्रिनल ग्रंथीत गाठ निघाली. ती अल्डोस्टेरॉन भरमसाठ सोडत होती. त्यामुळे मीठ अंगात राहत होतं आणि पोटॅशियम लघवीवाटे जात होतं. जेरोम कॉन यांनी १९५५ मध्ये वर्णन केलेला आजार, पाठ्यपुस्तकातला. शस्त्रक्रियेनंतर पायातले गोळे गेले, गोळ्या चारवरून एकीवर आल्या. उजव्या हाताची बोटं पूर्ववत झाली नाहीत. तो डाव्या हाताने सही करायला शिकला.

भेटायला आला तेव्हा मी त्याला फ्रीजची गोष्ट सांगितली. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘मग आता फ्रीज काढला का?’’ फ्रीज होता तिथेच होता. सेंट्रिफ्यूज त्या महिन्यात घेतला. त्याची किंमत इतकी कमी निघाली, की आधी का घेतला नाही याचं उत्तर मी अजून देऊ शकत नाही.

वडिलांना बीपी होतं, काकांना होतं, ते खोटं नव्हतं. पण त्या एका शब्दावर मी थांबलो आणि पुढचं पाहिलं नाही. रिपोर्टवर आकडा छापलेला असतो. रक्त काढल्यापासून सिरम वेगळं होईपर्यंत ते किती वेळ, कुठे पडून होतं, हे बहुधा छापलेलं नसतं. ते विचारावं लागतं.