कोरेगाव ते गोरेगाव : आपल्या इतिहासाच्या इमारती

कोरेगाव म्हटले की आपल्या समाजबांधवांना आधी भीमा कोरेगाव आठवते. ते पुणे जिल्ह्यात. मी लिहितो आहे ते सातारा जिल्ह्यातील तालुक्याच्या कोरेगावाबद्दल. शिवाय शेजारच्या खटाव तालुक्यात गोरेगाव आहे. नावे इतकी सारखी की बोलताना आणि लिहिताना नेहमी गल्लत होते. पण बाबासाहेबांच्या बालपणाशी या मुलखाचा फार जवळचा संबंध आहे, म्हणून हा खुलासा आधीच केलेला बरा.

आमच्या तालुक्यात जुन्या वास्तूंची वाण नाही. नांदगिरीचा कल्याणगड आहे, चंदन-वंदनची जोडी आहे, रहिमतपुरात आदिलशाही सरदार रणदुल्लाखानाची कबर आहे. थोडे पलीकडे सातारा तालुक्यात लिंब गावची बारा मोटांची विहीर. सुटीच्या दिवशी तरुण पोरे घमेली-फावडी घेऊन गडावर जातात, टाक्यांतला गाळ काढतात, बुरुजावरची झाडे तोडतात. चांगले काम आहे, आपलीही मुले त्यात असतात. मात्र वास्तू जपायच्या म्हणजे गड, वाडा आणि मंदिर जपायचे एवढेच लोकांच्या डोक्यात बसले आहे. आपल्या माणसांचा इतिहास जिथे घडला त्या जागा गडावर नाहीत. त्या रेल्वेच्या फलाटावर, टोलच्या नाक्यावर आणि गावकुसाबाहेर आहेत.

गेल्या हिवाळ्यात आमच्या वस्तीतील आठ-दहा जण मुलाबाळांसह कोरेगाव स्टेशनवरून पॅसेंजरने मसूरला गेलो. रहिमतपूर, तारगाव, मग मसूर. तिकीट थोडके, डबे घरचे. गाडीत मुलांना ती हकीकत सांगितली. बाबासाहेबांनी ती स्वतः लिहून ठेवली आहे. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या नावाने ती पुस्तिका छापली.

साल १९०१ च्या सुमाराचे. सुभेदार रामजी गोरेगावला खजिनदार होते. दुष्काळग्रस्तांना काम मिळावे म्हणून सरकारने तिथे तलावाची खोदाई काढली होती. सुटीत मुलांना त्यांनी बोलावले. छोटे भीमराव, त्यांचे थोरले बंधू आणि बहिणीची मुले साताऱ्याहून टांग्याने दहा मैलांवरच्या स्टेशनला निघाली. साताऱ्यासाठी त्या काळी सातारा रोड हे स्टेशन होते, आणि ते आमच्याच कोरेगाव तालुक्यात. ब्रॉडगेज झाल्यावर साताऱ्याचे स्टेशन माहुलीकडे आले. त्यामुळे सातारा रोड म्हटले की आज लोकांना कूपरचा कारखाना आठवतो, बाबासाहेबांचा प्रवास आठवत नाही.

मुले नवे कपडे, जरीच्या टोप्या घालून संध्याकाळी मसूरला उतरली. न्यायला कोणी आले नव्हते, कारण पत्र वडिलांच्या हाती पडलेच नव्हते. स्टेशनमास्तरने प्रेमाने चौकशी केली. जात कळताच त्याचा चेहरा पालटला. बैलगाडीवाले दुप्पट भाडे मिळाले तरी बसवून घेईनात. शेवटी एक जण तयार झाला तो अशा बोलीवर की गाडी मुलांनी हाकायची आणि त्याने बाजूने चालायचे. जवळ जेवण होते, पण पाणी मिळेना. रात्री टोलनाक्यावर मुलांनी आपण मुसलमान असल्याचे सांगितले, तरीही टोलवाल्याने पाणी दिले नाही. भरल्या डब्याजवळ मुले उपाशी झोपली. दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत गोरेगाव आले.

मसूरच्या फलाटावर आमच्या मुलांनी डबे उघडले आणि नळाचे पाणी प्याली. त्यांना त्यात काही वेगळे वाटले नाही. वाटू नये हेच बरे. पण एका सातवीतल्या मुलीने विचारले, “तो टोलनाका कुठं होता?” तो डोंगराच्या पायथ्याशी, पण डोंगराच्या पलीकडच्या बाजूला होता, एवढे बाबासाहेबांच्या लिखाणातून कळते. तेवढ्यावरून वाट धुंडाळता येते. जुने नकाशे, बांधकाम खात्याची दप्तरे, गाडीवाटा माहीत असलेली म्हातारी माणसे, यांना विचारले पाहिजे. त्यातली म्हातारी माणसे फार दिवस थांबणार नाहीत.

साताऱ्यात त्या मानाने बरे आहे. राजवाड्यातील ज्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेबांचे नाव दाखल झाले, ती आजची प्रतापसिंह हायस्कूल. रजिस्टरातील ती नोंद जपली आहे, आणि २०१७ पासून राज्यात तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. माता भीमाईंचे निधनही साताऱ्यातच १८९६ साली झाले. लंडनमध्ये बाबासाहेब शिकत असताना राहिले ते किंग हेन्रीज रोडवरील १० नंबरचे घर महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये विकत घेतले. तिकडे घरांवर निळ्या पाट्या लावून कोण माणूस इथे राहिला ते लिहितात. पाटीला असा किती खर्च येतो?

आता आपल्या घरचे सांगतो. आमच्या भागात एका वस्तीत जुना तक्क्या उभा आहे. दगड-मातीच्या भिंती, पुढे ओटा, वर पत्रा. पूर्वी पाहुणा आला की तक्क्यात उतरायचा, येसकराची पाळी तिथे ठरायची, भांडणे तिथे मिटायची. एका आजींनी सांगितले की त्यांचे सासरे ‘जनता’चा अंक त्या ओट्यावर कंदिलाखाली वाचून दाखवत, अक्षर न येणारी माणसे पायरीपर्यंत बसलेली असत. १९५६ नंतर त्याच भिंतीवर बुद्धांची तसबीर लागली आणि तक्क्याचा विहार झाला. आता तिथे सिमेंट-काँक्रीटचे विहार बांधायचे ठरते आहे. निधीची आशा आहे, म्हणून तरुण मंडळी पाडायची घाई करतात.

त्यांचे म्हणणे अगदी टाकाऊ नाही. एक जण मला म्हणाला, “भाऊ, येसकरकीची ती जागा. गुलामीची खूण कशाला ठेवायची?” महार वतन कायद्याने गेले, मग त्याची भिंत तरी का राहावी, असा त्याचा प्रश्न. मी त्याला महाडचे विचारले. चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ ला जे झाले ते अपमानाच्या जागीच झाले, म्हणून आपण ते तळे बुजवतो का? भीमा कोरेगावचा जयस्तंभ इंग्रजांनी आपल्या विजयासाठी बांधला. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब तिथे गेले आणि लाखो पावलांनी त्या दगडाचा अर्थ बदलला. तक्क्याच्या ओट्यावर येसकराची काठी टेकली होती हे खरे, आणि ‘जनता’ वाचला गेला हेही तितकेच खरे. ओटा पाडला की दोन्ही गोष्टी एकदम जातात.

माझे मत असे की नवे विहार मागच्या मोकळ्या जागेत बांधावे. ओटा आणि पुढची भिंत ठेवावी, पत्रा बदलावा, आत बालवाचनालय करावे. याला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागत नाही, वस्तीचा ठराव पुरतो. खर्चाचा अंदाज मी कारकुनाच्या सवयीने मांडून दिला आहे. पाडून राडारोडा उचलण्याच्या पैशातच पत्रा बदलून होतो.

दरम्यान एक जाड वही केली आहे. सातवीतली ती मुलगी घरोघरी जाऊन तक्क्यात कोण काय करी ते लिहून घेते. आतापर्यंत अकरा जणांचे झाले. दोघांनी ‘जनता’ची नावनोंदणी कोण करी तेही सांगितले. एका घरात माळ्यावर जुन्या अंकांची चळत निघाली, वाळवीने अर्धी खाल्लेली. येत्या पौर्णिमेला वस्तीची बैठक आहे. तोवर भिंतीला पहार लावायची नाही, एवढे मात्र तरुण मंडळींनी कबूल केले आहे.