तिसऱ्या सिलिंडरचा ओला प्लग

जिप्सी घेतली तेव्हा तिच्या इंजिनाबद्दल मला एवढंच ठाऊक होतं, की ते तिचं मूळचं नाही. गाडी जुनी, कार्ब्युरेटरवाली. बॉनेटखाली मात्र मारुती एस्टीमचं 1300 सीसीचं, 16 व्हॉल्व्हचं एमपीएफआय, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र इंजेक्टर असलेलं इंजिन. जिप्सीवाल्यांचा हा आवडता बदल, कारण दोन्ही इंजिनं एकाच घराण्यातली आणि ताकद 60 अश्वशक्तीवरून 85 च्या आसपास जाते. आरसी बुकावर नवा इंजिन नंबर चढलेला होता, म्हणून मी निर्धास्त होते.

नाशिकच्या त्र्यंबक रस्त्यावर एके दिवशी गाडी मिसिंग करू लागली. घरी येईपर्यंत सायलेन्सरमधून काळा धूर, पेट्रोलचा उग्र वास, आणि न्यूट्रलला सगळी गाडी थरथरत होती. सगळ्यात गोंधळात टाकलं ते ऑइलनं. डिपस्टिकवर पातळी वरच्या खुणेच्याही पुढे गेलेली. मी तर थेंबभर ऑइल घातलं नव्हतं! बोटावर घेतलं तर पातळ, आणि वास पेट्रोलचा.

गॅरेजमध्ये प्लग काढले. तीन कोरडे, तिसऱ्या सिलिंडरचा काळा आणि चिंब ओला. “ताई, इंजेक्टर उघडा अडकलाय. चारही बदलून टाकू,” मिस्त्री म्हणाले. तोवर सेल्फ मारू नका, असंही त्यांनी बजावलं, आणि ते अगदी खरं होतं. हवा दाबली जाते, पेट्रोल दाबलं जात नाही. सिलिंडर पेट्रोलनं भरलेला असताना पिस्टन जोरानं वर आला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. शिवाय पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली चेंबरमध्ये उतरतं. माझी ऑइलची पातळी अशीच वाढली होती.

पण चारही का बदलायचे, हे मला कळेना. नाशकात इंजेक्टर म्हटलं की मायको सर्कल आठवतंच. सातपूरच्या मायको कारखान्यात, आताच्या बॉशमध्ये, डिझेलचे इंजेक्टर आणि नॉझल बनतात. आमच्या शेजारचे काका तिथूनच निवृत्त झालेले. त्यांना विचारलं तर ते म्हणाले, “अगं, आमचा जुना नॉझल पंपाच्या दाबानं उघडायचा. तुझा विजेवर उघडतो. उघडा राहिलाय हे कबूल, पण तो स्वतः अडकलाय की कोणी त्याला उघडा धरून ठेवलाय, ते आधी बघ.”

मग त्यांनी कागदावर दोन रेघा ओढल्या. पेट्रोल इंजेक्टरला दोन वायरी. चावी फिरवली की एकीवर बॅटरीचे 12 व्होल्ट कायम हजर. दुसरी वायर इंजिनाच्या कॉम्प्युटरकडे जाते. तो तिला क्षणभर अर्थ देतो, म्हणजे गाडीच्या बॉडीशी जोडतो, दोन-तीन मिलिसेकंद, आणि तेवढ्यापुरतं आतलं वेटोळं सुई उचलतं. अर्थ तुटला की स्प्रिंग सुई बसवते. हे कळल्यावर माझ्या डोक्यातला गुंता पहिल्यांदा सैल झाला.

पुढचं काम अंबडच्या एका वायरमनकडे झालं, आणि ते पाहताना मी अक्षरशः हरखून गेले. त्यांनी आधी इंजेक्टरांची रेल उतरवून दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरचे इंजेक्टर आपसांत बदलले. इंजेक्टर खराब असता तर दोष त्याच्याबरोबर दुसऱ्या सिलिंडरला गेला असता. ओला प्लग पुन्हा तिसऱ्याचाच निघाला. म्हणजे इंजेक्टर निर्दोष! मग तिसऱ्याचा कपलर काढून टेस्ट लॅम्पचं एक टोक बॅटरीच्या प्लसला, दुसरं कॉम्प्युटरकडे जाणाऱ्या वायरीला. इंजिन बंद असताना दिवा लागायला नको. तो भक्क लागला. आता संशय कॉम्प्युटरवर. त्याचाही कपलर काढला, तरी दिवा तसाच. तेव्हा कॉम्प्युटरही सुटला आणि उरली ती मधली वायर.

कार्ब्युरेटरवाल्या जिप्सीला असलं वायरिंग मुळात नसतंच. इंजिन बसवणाऱ्यानं एस्टीमच्या वायरी लांबवून, फायरवॉलला भोक पाडून आत नेल्या होत्या, पण भोकाला रबरी बुश घातलं नव्हतं. कडक पाट्यांवर उसळणारी गाडी, पत्र्याची धार. घासून घासून आवरण गेलं आणि तांबं बॉडीला टेकलं. इंजेक्टरला कायमचा अर्थ मिळत होता.

नवी वायर, स्लीव्ह, बुश. मग ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलला, तिसरा प्लग नवा घातला. पेट्रोल मिसळलेल्या ऑइलवर बेअरिंग टिकत नाहीत, तिथे काटकसर करू नये. गाडी आता चारही सिलिंडरवर चालते.

इंजिन बदललेली गाडी घेणार असाल, तर आरसी बुकाबरोबर वायरिंगचा नकाशाही मागून घ्या. आणि इंजेक्टर अडकलाय असं कोणी सांगितलं, तर पैसे मोजण्याआधी त्याच्या कपलरला टेस्ट लॅम्प लावून बघायला सांगा.