गिधाडाची मान

माणसाच्या अंगात पक्षी कसा बसवावा, हा प्रश्न चित्रकाराला पडण्याच्या कितीतरी आधी भाषेने तो सोडवून टाकलेला असतो. चिमणी-कावळ्याच्या गोष्टीतली चिऊ बाळाला न्हाऊ घालते, तीट लावते, पावसात भिजणाऱ्या कावळ्याला दाराआडून थांबायला सांगते. पण तिला हात आहेत की पंख, हे कुठल्या मुलाने विचारल्याचे मी ऐकलेले नाही. मोरोपंतांनी आपल्या आर्त स्तोत्राला ‘केकावली’, म्हणजे मोराच्या टाहोंची माळ, असे नाव दिले आणि स्वतःला मयूर म्हणवून घेतले. तरी वाचकाच्या डोळ्यांपुढे पिसारा लावलेले पंत उभे राहत नाहीत. शब्दांतला पक्षी-मानव असा सांध्यावाचूनचा असतो. कागदावर पेन्सिल टेकवली की मात्र पहिला प्रश्न सांध्याचाच येतो: माणूस कुठे संपतो आणि पक्षी कुठे सुरू होतो?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी मराठी शिकवतो. काही वर्षांपूर्वी स्नेहसंमेलनासाठी विद्यार्थ्यांनी अरण्यकांडातला जटायूचा प्रसंग निवडला. मी फळ्यावर बऱ्यापैकी चित्रे काढतो, एवढ्याच अधिकारावर मुखवटे आणि वेश यांचे आरेखन माझ्याकडे आले. त्या निमित्ताने जे पाहिले, वाचले आणि ऐकले, त्यातून साहित्याच्या वर्गात उपयोगी पडेल असे काही हाती लागले असे मला वाटते.

जगभरच्या कलावंतांनी हा सांधा मुख्यतः तीन ठिकाणी घातलेला दिसतो. इजिप्तमध्ये तो गळ्याशी आहे. होरसचे धड माणसाचे, डोके ससाण्याचे. ज्ञानाची देवता थोथ हिचे डोके आयबिस पक्ष्याचे. तिथे देवत्व मस्तकात राहते. आपल्याकडच्या किन्नरांमध्ये सांधा कमरेशी येतो. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात पद्मपाणीच्या भोवताली जे किन्नर आहेत ते वर माणसे आहेत आणि खाली पक्षी. वाद्य वाजवायचे तर बोटे हवीत, गायचे तर ओठ हवेत. म्हणून मुख आणि हात माणसाचे ठेवून चित्रकाराने पक्षी पायांकडे उतरवला. तिसरा सांधा खांद्याचा, आणि तो गरुडाचा. देवगिरीच्या यादवांच्या ताम्रपटांवर ज्याची मुद्रा असे, तो गरुड मंदिरशिल्पांत बहुधा हात जोडलेला पुरुष असतो. पाठीमागे पंख आणि नाकाला चोचीचा बाक. तो वाहन आहे, भक्त आहे, म्हणून त्याला जोडायला हात हवेतच. सांधा कुठे पडेल हे सौंदर्यदृष्टी एकटी ठरवत नाही. त्या पात्राचे काम काय, यावर ते ठरते.

शरीरशास्त्र मात्र या तिसऱ्या तोडग्याला हरकत घेते. पक्ष्याचा पंख हाच त्याचा हात असतो. त्यात दंडाचे हाड आहे, कोपर आहे, मनगट आहे, एकमेकांत मिसळून गेलेली बोटेसुद्धा आहेत. हात देऊन वर पंखही दिले की अवयव सहा होतात. पायांचीही अशीच गंमत आहे. उलटा वाकलेला पक्ष्याचा ‘गुडघा’ म्हणून आपण जो दाखवतो तो त्याचा घोटा असतो. खरा गुडघा वर पिसांत दडलेला असतो. पक्षी जन्मभर चवड्यांवर उभा असतो. डोळे खोबणीत फारसे फिरत नाहीत, म्हणून त्याला कटाक्ष टाकता येत नाही; पाहायचे तर अख्खी मान वळवावी लागते. चोच हसत नाही, ओठ मुडपत नाही. पक्ष्याचा चेहरा बोलका करायचा तर ते काम मानेला, खांद्यांना आणि पिसांच्या उठण्या-बसण्याला द्यावे लागते. विद्यार्थ्यांना मी हे फळ्यावर काढून दाखवले आणि जटायूची रेखाटने करून आणायला सांगितले.

आठवडाभराने बारा-पंधरा चित्रे आली. जवळजवळ सगळ्यांत जटायू गरुड झाला होता: भरगच्च पिसांची मान, करारी भुवई, पुढे आलेली छाती. नाते पाहिले तर गरुड हा जटायूचा काका, कारण जटायू अरुणाचा मुलगा. पण चित्रांतले साम्य या घराण्याच्या अभ्यासातून आलेले नव्हते. या मुलांनी गिधाड पाहिलेलेच नव्हते. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची भारतातली संख्या १९९२ ते २००७ या काळात ९९ टक्क्यांहून अधिक घटली. गुरांना वेदनाशामक म्हणून दिले जाणारे डायक्लोफिनॅक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडाच्या पोटात जाते आणि त्याचे मूत्रपिंड निकामी होते, हे २००४ मध्ये सिद्ध झाले. २००६ मध्ये या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. माझ्या वर्गातली मुले त्यानंतर जन्मलेली. त्यांच्यासाठी गिधाड ही एक शिवी होती, आणि शिवीचे चित्र नायकाला कोण लावील?

शिवीलाही वाङ्मयीन पुरावा आहेच. तेंडुलकरांचे ‘गिधाडे’ १९७० मध्ये रंगमंचावर आले. त्यात एकाही पात्राला चोच लावलेली नाही; तरी एकमेकांना टोचून खाणारे ते कुटुंब पाहताना शीर्षकाचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. तेंडुलकरांनी माणसांत गिधाड पाहिले. वाल्मीकींनी गिधाडात माणूस पाहिला. दुसऱ्या कामासाठी धैर्य अधिक लागते असे मला वाटते, कारण तिथे वाचकाची किळस कवीच्या विरुद्ध उभी असते.

वर्गात वाद झाला. एका विद्यार्थिनीचे म्हणणे असे, की प्रेक्षकांना जटायूविषयी आदर वाटला पाहिजे. बोडक्या मानेला लोक हसतील. मुद्दा सोडून देण्यासारखा नव्हता. उत्तर शोधण्यासाठी आम्ही मूळ कथेकडे गेलो. सीतेला शोधत निघालेल्या रामाला रक्ताने माखलेला जटायू दिसतो, तेव्हा रामाला पहिल्यांदा काय वाटते? हा गिधाडाच्या रूपातला राक्षस आहे आणि यानेच सीतेला खाल्ले. तो बाण जोडतो. जटायू बोलू लागतो, तेव्हा कुठे उलगडा होतो. पंचवटीच्या वाटेवर पहिल्या भेटीतही राम-लक्ष्मणांना तो राक्षस वाटला होता आणि आपण दशरथाचे मित्र असल्याचे त्याला सांगावे लागले होते. दोन्ही वेळा रूप संशय निर्माण करते आणि वाणी तो फेडते. जटायूला देखण्या गरुडाचे तोंड दिले तर रामाच्या संशयाला कारणच उरत नाही, आणि तो संशय गेला की पुढच्या अंत्यसंस्काराचे मोलही उतरते. ज्याच्यावर बाण रोखला, त्याला मुलाच्या नात्याने अग्नी द्यायचा, हा त्या प्रसंगाचा गाभा आहे. मान बोडकीच हवी होती.

आलेल्या चित्रांत एक चित्र वेगळे होते. मानेच्या मुळाशी पांढऱ्या पिसांचा गळपट्टा, वर उघडी मान, खांदे पडलेले, पंख अर्धे उघडून उन्हाकडे पाठ केलेली. पक्षी पाहिल्याशिवाय असे चित्र निघत नाही. काढणाऱ्या मुलाने तो पाहिला नव्हता, पण त्याच्या आजोबांनी पाहिला होता. ‘आबा सांगत गेले, मी काढत गेलो,’ एवढेच तो म्हणाला. मी आजोबांना भेटलो. मेलेली ढोरे ओढण्याचे काम त्यांच्या लहानपणापर्यंत घरात होते. गिधाडे आधी लांबवर उतरतात, किती वेळ नुसती बसून राहतात, पोट भरल्यावर उडायला त्यांना कसे धावावे लागते, पंजात काही पकडण्याची ताकद नसल्याने ती कशी चालतात, हे त्यांनी बसल्या जागी खांदे हलवून दाखवले. ती उघडी मान घाणेरडेपणाची खूण नाही. आत तोंड घालावे लागते, पिसे असती तर ती बरबटली असती, हेही त्यांनीच सांगितले. पक्षिशास्त्राच्या पुस्तकांतही असेच स्पष्टीकरण आढळते.

जटायूचे काम त्या मुलालाच द्यावे असे सर्वांचे मत होते; त्यालाही हौस होती. आजोबा मात्र म्हणाले, “गुरुजी, चित्र आमचं पोट्टं काढन. पण तोंडावर घालाले दुसरं पोट्टं पाहा. आमी ते सोडलं.”

या वाक्यावर मी बराच विचार केला आहे. मेलेले ढोर ओढायचे नाही, मेलेल्याचे मांस खायचे नाही, हा निर्धार महाडच्या १९२७ सालच्या परिषदेपासून कित्येक घरांनी मोठी किंमत देऊन पाळला. त्या घरातल्या मुलाने शेकडो लोकांसमोर गिधाडाचा मुखवटा चढवावा, मग तो कितीही पूज्य जटायूचा असो, हे म्हाताऱ्याला पटणारे नव्हते. गिधाडाविषयी त्यांच्या मनात किळस नव्हती. त्यांच्याइतक्या आस्थेने त्या पक्ष्याविषयी बोलणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. पण प्रतीक कोण धारण करतो यावर त्याचा अर्थ बदलतो, हे त्यांनी एका वाक्यात सांगितले. साहित्याच्या वर्गात आपण प्रतिमा कुठून आली हे शिकवतो. ती कुणाच्या अंगावर पडते, हे क्वचितच.

मुखवटा त्या मुलाच्या चित्रावरून, बांबूच्या कामट्या आणि कागदाचा लगदा यांतून झाला. घातला तो दुसऱ्या मुलाने, ज्याच्या घरात गिधाडाचा उल्लेख कधी कामाचा म्हणून झाला नव्हता. पंखांसाठी आम्ही खांद्यापासून मनगटापर्यंत गोणपाटाच्या पट्ट्या सैल टाके घालून जोडल्या. सहा अवयव नकोत, हात तेच पंख, हे आधीच ठरले होते. रावणाच्या तलवारीच्या घावासरशी टाके सुटत आणि पट्ट्या खाली पडत. आत मुलाचे उघडे हात दिसत. हा परिणाम तालमीपर्यंत कुणाच्या लक्षात आला नव्हता: पंख गेल्यावर जटायू माणूस होत होता. वर गिधाडाची मान, खाली माणसाचे दोन रिकामे हात, आणि रामाला रावणाची दिशा सांगायची राहिलेली. प्रेक्षागृहात कुणी हसले नाही.

आमच्या जिल्ह्याला या विषयात आणखी एक शिक्षक आहे. पैनगंगेच्या दोन्ही तीरांवर दिवाळीच्या सुमारास गोंडांची दंडार निघते. त्यातले घुसाडी नर्तक डोक्यावर मोरपिसांचा भला थोरला टोप चढवतात, अंगाला राख फासतात, हाती काठी घेतात. नदीपलीकडच्या मार्लवाईच्या कनकराजूंना याच नृत्यासाठी २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. २०२४ मध्ये ते गेले. घुसाडी मोराचे सोंग घेत नाही. तो चोच लावत नाही, मोरासारखा चालतही नाही. शेकडो पिसे डोक्यावर असूनही तो पक्षी होत नाही. त्या दिवसांपुरता लोक त्याला देवाचे माणूस मानतात. इथे सांधा शरीरावर कुठेच नाही. तो पाहणाऱ्यांच्या श्रद्धेत आहे.

नाशिक जिल्ह्यात, इगतपुरी तालुक्यातल्या टाकेदला जटायूने प्राण सोडला असे परंपरा मानते. केरळात चडयमंगलम् येथे २०१८ मध्ये खुले झालेले त्याचे प्रचंड शिल्प पंख तुटून उताणे पडलेले आहे. आणि जानेवारी २०२४ मध्ये, बंदिस्त प्रजननातून वाढवलेली गिधाडे आपल्या विदर्भातच पेंच आणि ताडोबाच्या जंगलांत आणली गेली, तेव्हा त्या प्रकल्पालाही नाव जटायूचेच दिले गेले. ही गिधाडे तगली, तर आज शाळेत असलेली मुले कधीतरी ती उघडी मान प्रत्यक्ष पाहतील, आणि जटायू काढायला बसल्यावर त्यांना कुणाच्या आजोबांना विचारावे लागणार नाही. आजोबांनी सांगितलेली दुसरी गोष्ट मात्र जंगलात पाहायला मिळणार नाही. ती आपल्यालाच सांगत राहावी लागेल.